मनगटावरचा ऑप्टिकल सेन्सर घडवताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या सेन्सरने लाकडी टेबलाची नाडी मोजली होती. मिनिटाला ७२ ठोके, अगदी निरोगी माणसासारखे. दोन दिवस कोड उसवून पाहिला, पण कोडमध्ये चूक नव्हतीच. खोलीतला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकत होता. माझं सर्किट सेकंदाला प्रकाशाचे १०० नमुने (म्हणजे १०० मोजमापं) घेतंय असं मी धरून चाललो होतो, पण चिपमधलं घड्याळ जरा मागे असल्यामुळे ते प्रत्यक्षात ९८.८ च घेत होतं. उरलेला फरक १.२ हर्ट्झचा, आणि त्याला ६० ने गुणलं की ७२. दिव्याची नाडी मी टेबलाच्या नावावर खपवत होतो.

तेव्हापासून या कामात शिरणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. हा सेन्सर कोडमध्ये घडत नाही. तो त्वचा आणि काच यांच्या मधल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये घडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रकाशात नाडी उतरलीच नसेल, तर पुढचा कितीही हुशार अल्गोरिदम ती शोधून देणार नाही. उलट तो काहीतरी आकडा मात्र हमखास देईल, आणि खरा धोका तोच आहे.

हे लिखाण मनगटावर, बोटावर किंवा कानाच्या पाळीवर बसणाऱ्या छोट्या ऑप्टिकल सेन्सरबद्दल आहे. इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आहे, मायक्रोकंट्रोलरवर थोडंफार काम केलंय, पण प्रकाशाशी कधी संबंध आला नाही, असा वाचक मी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी तत्त्व, चार ओळींत

त्वचेवर एलईडीचा प्रकाश टाकायचा आणि परत येणारा प्रकाश फोटोडायोडने मोजायचा. प्रत्येक ठोक्याला धमन्यांत रक्त थोडं वाढतं, ते थोडा जास्त प्रकाश शोषून घेतं आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात, बोलताना सगळे पीपीजी म्हणतात. अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत मांडली. दोन रंगांच्या प्रकाशातल्या स्पंदनांची तुलना करून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण काढण्याची कल्पना ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मांडली. आज आपण जे करतो ते या दोन कल्पनांवरच उभं आहे. फक्त आकार लहान झाला आणि अडचणी मोठ्या झाल्या.

हाताशी काय असू द्यावं

- तयार पीपीजी मॉड्यूल (मॅक्स३०१०२ किंवा त्यासारखं) आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड
- ऑसिलोस्कोप; साधा चालेल, पण नसला तर अंधारात चाचपडणं आलं
- तुलनेसाठी छातीला बांधायचा ईसीजी पट्टा
- झाकण घट्ट बसणारा, आतून काळा केलेला डबा
- काळा फोम, काळं सिलिकॉन, व्हर्निअर कॅलिपर
- निवडलेल्या एलईडी, फोटोडायोड आणि चिपच्या डेटाशीट, छापलेल्या आणि खुणा केलेल्या
- प्रयोगवही

शेवटच्या वस्तूला हसू नका. कोणत्या दिवशी पट्टा कितव्या भोकात होता, हे तीन आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही.

पायरी १: काय मोजायचं आणि कुठे, ते कागदावर लिहा

"हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, ताण, झोप, सगळंच मोजू" असं म्हणून सुरुवात केली की प्रकल्प बुडाला म्हणून समजा. नुसते ठोके मोजायचे असतील तर एक हिरवा एलईडी आणि सेकंदाला २५ नमुने पुरतात. ठोक्या-ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार हवा असेल, तर १०० किंवा जास्त नमुने घ्यावे लागतात आणि घड्याळ नेमकं असावं लागतं. ऑक्सिजन हवा असेल तर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन एलईडी लागतात, त्यांच्या तरंगलांबीवर कडक पकड लागते आणि खऱ्या माणसांवर कॅलिब्रेशन, म्हणजे खात्रीच्या मोजमापाशी ताडून आकडे जुळवणं, करावं लागतं. तिथे कामाचा आवाका दुप्पट नव्हे, दसपट होतो.

जागेचंही तसंच आहे. बोटाच्या टोकाला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथे स्पंदनाचा भाग एकूण प्रकाशाच्या १ टक्का किंवा त्याहून बराच जास्त मिळू शकतो. मनगटाच्या वरच्या बाजूला तो बहुतेकदा एका टक्क्याच्याही खाली असतो, कधी ०.१ टक्का. कानाची पाळी चांगली, कारण पातळ असल्याने प्रकाश आरपार जाऊ शकतो. मनगटातून आरपार प्रकाश घालवणं शक्य नाही. तिथे एलईडी आणि फोटोडायोड एकाच बाजूला बसवून परत फिरलेल्या प्रकाशावर भागवावं लागतं. लोकांना घड्याळ मनगटावर हवं असतं, म्हणून सगळ्यात अवघड जागा आपल्या वाट्याला येते. त्याला इलाज नाही.

पायरी २: तयार मॉड्यूलवर कच्चा सिग्नल डोळ्यांनी बघा

स्वतःचा बोर्ड काढण्याआधी निदान दोन आठवडे तयार मॉड्यूलवर घालवा. मॅक्स३०१०२ यासाठी ठीक आहे. ५.६ बाय ३.३ मिलिमीटरच्या त्या तुकड्यात ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी, ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, फोटोडायोड आणि १८ बिटचा एडीसी (सिग्नलचा आकडा करणारा भाग) असं सगळं असतं. आत ३२ नमुन्यांची रांग असते, म्हणजे सेकंदाला १०० नमुन्यांच्या वेगाने दर ३२० मिलिसेकंदांच्या आत ती वाचली नाही तर नमुने हरवतात.

इथला नेहमीचा सापळा: चिपला १.८ व्होल्ट लागतात, म्हणून बाजारातल्या काही स्वस्त बोर्डांवर आय-टू-सी तारांचे पुल-अप १.८ व्होल्टला जोडलेले असतात. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला एवढा व्होल्टेज "एक" म्हणून बहुतेकदा ओळखूच येत नाही. सेन्सर सापडत नाही, आणि माणूस लायब्ररी बदलत बसतो. मीटर लावा, तारेवर किती व्होल्ट आहेत ते बघा, मग पुढे जा.

सेन्सर बोलायला लागला की तयार लायब्ररीने काढलेला ठोक्यांचा आकडा बंद करून टाका. फक्त कच्चे आकडे आलेखावर बघा. एक मोठा, जवळपास स्थिर आकडा दिसेल; तो डीसी. त्याच्यावर बसलेली बारीक लाट म्हणजे एसी. लाट उलटी दिसली तर घाबरू नका. रक्त वाढलं की प्रकाश कमी होतो, म्हणून ठोक्याच्या वेळी आलेख खाली जातो. एसी भागिले डीसी हे गुणोत्तर टक्क्यांत काढा. त्याला परफ्युजन इंडेक्स म्हणतात आणि पुढचे सहा महिने हाच आकडा तुमचा सोबती असणार आहे.

आता खेळून बघा. बोट हलकं टेकवा, मग जोरात दाबा. जोरात दाबल्यावर लाट मरते, कारण दाबाखाली रक्त बाजूला सरकतं. हात गार पाण्यात बुडवून काढा आणि परत मोजा. खोलीतला दिवा चालू-बंद करा. हे सगळं वहीत उतरवा.

पायरी ३: प्रकाशाचा हिशोब मांडा

नवशिके ही पायरी गाळतात आणि मग तीन बोर्ड वाया घालवतात.

समजा, मनगटावरून परत येणाऱ्या प्रकाशाने फोटोडायोडमध्ये १ मायक्रोअँपिअर करंट तयार झाला आणि परफ्युजन इंडेक्स ०.२ टक्का आहे. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती लाट फक्त २ नॅनोअँपिअरची. प्रकाश कणाकणाने येतो, त्यामुळे करंटमध्ये अंगचीच खरखर असते; तिला शॉट नॉइज म्हणतात. १ मायक्रोअँपिअर करंट आणि १० किलोहर्ट्झ बँडविड्थ धरली तर ती साधारण ५७ पिकोअँपिअर निघते. म्हणजे लाट खरखरीच्या ३५ पट. ठोके मोजायला पुरेसं, लाटेचा बारीक आकार अभ्यासायला अपुरं.

ही खरखर करंटच्या वर्गमुळाने वाढते. म्हणून प्रकाश चौपट केला की सिग्नल चौपट, खरखर दुप्पट आणि एकूण फायदा दुपटीचा होतो. प्रकाश वाढवायचे मार्ग दोन: एलईडीचा करंट वाढवा, किंवा फोटोडायोडचं क्षेत्रफळ वाढवा. पहिल्याची किंमत बॅटरी देते, दुसऱ्याची जागा. शक्य असेल तिथे मी दुसरा मार्ग घेतो, कारण फोटोडायोड दर तासाला वीज मागत नाही.

एडीसीचाही हिशोब इथेच होतो. एसी भाग डीसीच्या ०.१ टक्का असेल आणि त्या लाटेचे निदान १०० टप्पे दिसायला हवे असतील, तर एकूण १,००,००० टप्पे लागतात. म्हणजे १७ बिट. मायक्रोकंट्रोलरमधला १२ बिटचा एडीसी ४,०९६ टप्पे देतो. त्यावर थेट काम होणार नाही हे आता उघड आहे. एकतर डीसीचा मोठा हिस्सा आधीच वजा करून उरलेला भाग मोठा करावा लागतो, किंवा याच कामासाठी बनवलेली चिप घ्यावी लागते.

पायरी ४: रंग आणि अंतर ठरवा

मनगटावरच्या ठोक्यांसाठी हिरवा, ५२५ ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषतं, म्हणून लाट मोठी मिळते. शिवाय तो त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, त्यामुळे खोलवरचे स्नायू आणि स्नायुबंध हलले तरी त्याचा त्रास कमी. पण हिरवा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिनही बराच शोषतं. गडद त्वचेवर आणि टॅटूवर प्रकाश कमी परत येतो. म्हणून एलईडीचा करंट एका आकड्यावर ठोकून न ठेवता माणसागणिक आपोआप कमी-जास्त करायची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

ऑक्सिजनसाठी लाल (६६० च्या आसपास) आणि इन्फ्रारेड (८८० ते ९४०). ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन असलेलं इन्फ्रारेड जास्त शोषतं, आणि साधारण ८०५ नॅनोमीटरला दोघं सारखी असतात. दोन्ही रंगांची एसी भागिले डीसी गुणोत्तरं काढून लालच्या गुणोत्तराला इन्फ्रारेडच्या गुणोत्तराने भागायचं. जो आकडा येतो त्याला आर म्हणू. "११० वजा २५ गुणिले आर" हे सूत्र सगळीकडे दिसतं. ते समजून घेण्यापुरतं ठीक आहे, उत्पादनात घालण्यासाठी नाही.

लाल एलईडी मागवताना तरंगलांबीचा बिन, म्हणजे कारखान्याने छाटून लावलेला गट, विचारून घ्या. ६६० च्या आसपास हिमोग्लोबिनचा शोषण-आलेख उताराचा आहे, त्यामुळे एलईडी काही नॅनोमीटर इकडे-तिकडे झाला तरी आर बदलतो. एलईडी तापला तरी त्याची तरंगलांबी वरच्या बाजूला सरकते.

एलईडी आणि फोटोडायोड यांच्यातलं अंतर ही तडजोड आहे. जवळ ठेवले तर भरपूर प्रकाश परत येतो, पण तो वरवरच्या, रक्त नसलेल्या थरातून फिरून आलेला असतो. लांब ठेवले तर खोलवरचा, रक्ताला भेटून आलेला प्रकाश मिळतो, पण थोडाच. हिरव्यासाठी दोन ते तीन मिलिमीटर, लाल आणि इन्फ्रारेडसाठी चार ते सहा, इथून सुरुवात करा. एकाच बोर्डावर तीन अंतरांवर एलईडी लावून पहिलं नमुना-यंत्र काढलं तर एका फेरीत उत्तर मिळतं. माझा एक संपूर्ण बोर्ड केवळ हे न सुचल्यामुळे वाया गेला.

पायरी ५: भिंत, खिडकी आणि घर

इथे थांबा आणि सावकाश वाचा. निम्मे प्रकल्प इथे मरतात.

एलईडीचा प्रकाश त्वचेत न शिरता थेट फोटोडायोडवर पोहोचला, तर त्यात नाडी नसते. तो फक्त डीसी फुगवतो. त्याला क्रॉसटॉक म्हणतात. समजा एकूण डीसी १०० आहे, त्यातले ४० चोरवाटेने आलेले आहेत आणि लाट ०.३ ची आहे. खरा परफ्युजन इंडेक्स ०.५ टक्का असायला हवा, तुम्हाला ०.३ दिसतो. ठोके मोजताना एवढंच नुकसान. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र हे घातक आहे. लालच्या डीसीत ४० टक्के आणि इन्फ्रारेडच्या डीसीत १० टक्के क्रॉसटॉक असेल, तर आर दोन तृतीयांशावर येतो. खरा आर ०.८ असताना, म्हणजे वरच्या सूत्राने ऑक्सिजन ९० टक्के असताना, यंत्र जवळपास ९७ दाखवतं. ज्याला दवाखाना गाठायला हवा, त्याला तुम्ही झोपायला पाठवता.

चोरवाटा कोणत्या?

पहिली, काच. एलईडी आणि फोटोडायोड दोन्हींवर एकच सलग काच ठेवली की प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तन होत फोटोडायोडपर्यंत सरकतो. दिसायला ते सुंदर असतं, म्हणून बाहेरचं रूप ठरवणारे लोक तेच मागतात. नाही म्हणा. दोन वेगळ्या खिडक्या करा आणि मधली काळी भिंत काचेच्या वरच्या पातळीपर्यंत न्या.

दुसरी, भिंतीखालची फट. भिंत बोर्डाला पूर्ण टेकत नसेल तर खालून प्रकाश झिरपतो. बोर्ड स्वतःही प्रकाश वाहून नेतो; काचतंतूचा तो पत्रा पुरता अपारदर्शक नसतो. भिंतीखाली तांब्याचा सलग पट्टा ठेवा, काळा सोल्डर मास्क घ्या आणि फटीत मऊ काळा फोम दाबून बसवा.

तिसरी वाट मला महिनाभर छळत होती. भिंत काळी होती, डोळ्यांना पूर्ण काळी, तरी इन्फ्रारेडचा क्रॉसटॉक हटेना. शेवटी त्याच प्लास्टिकचा तुकडा इन्फ्रारेड एलईडीसमोर धरला आणि फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर एलईडी त्यातून लख्ख दिसत होता. कित्येक काळे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात. कार्बन ब्लॅक घातलेलं प्लास्टिक घ्या आणि डोळ्यांवर भरवसा न ठेवता फोटोडायोडने तपासा. थ्रीडी छपाईच्या पातळ भिंतींबाबत तर हे हमखास करा. आणि हो, काही फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर चांगला असतो. काहीच दिसलं नाही तर सेल्फी कॅमेरा वापरून पाहा.

तपासणी सोपी आहे. सेन्सर काळ्या डब्यात, समोर काहीही नसलेल्या पोकळीकडे तोंड करून ठेवा आणि एलईडी चालू करा. फोटोडायोड जे दाखवेल तो क्रॉसटॉक. मग मनगटावर ठेवून डीसी मोजा. पहिला आकडा दुसऱ्याच्या जेमतेम दोन-चार टक्के उरेपर्यंत पुढे जाऊ नका.

बाहेरचा प्रकाश ही दुसरी आघाडी. घड्याळाच्या कडेने येणारं ऊन त्वचेतूनच प्रवास करत फोटोडायोडपर्यंत पोहोचतं, विशेषतः त्यातला इन्फ्रारेड भाग. नुसते हिरवे ठोके मोजायचे असतील तर इन्फ्रारेड कापणारा फिल्टर असलेला फोटोडायोड घ्या. शिवाय एलईडी लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा एलईडी बंद असताना नमुना घेऊन त्यांची सरासरी वजा करा. फक्त आधीचा नमुना वजा केला तर वेगाने बदलणारा दिव्याचा प्रकाश पुरता जात नाही. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे दिवा १०० वेळा लुकलुकतो, ६० असेल तिथे १२०. उपकरण दोन्हींकडे चाललं पाहिजे.

तळाचा आकार किंचित फुगीर ठेवा. सपाट तळ मनगटाच्या हाडावर टेकतो आणि सेन्सरखाली हवा राहते. ही फट पट्टा घट्ट करून भरता येत नाही. जास्त दाबलं की रक्त बाजूला सरकतं, हे तुम्ही पायरी २ मध्ये पाहिलंच आहे.

पायरी ६: सर्किट

सुट्या ऑपअँपपासून सगळं स्वतः बांधायचा मोह होतो. शिकण्यासाठी एकदा बांधा. उत्पादनासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएफई४४०४ किंवा अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडीपीडी४१०० यांसारखी याच कामाची चिप घ्या. एलईडी चालवणं, बाहेरचा प्रकाश वजा करणं आणि एडीसी हे सगळं तिच्यात असतं.

फोटोडायोडपासून चिपपर्यंतची तार जितकी आखूड तितकी बरी, आणि ती स्विचिंग रेग्युलेटरच्या कॉइलपासून दूर. आपण नॅनोअँपिअर मोजतोय हे विसरू नका. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स दमट हवेत गळतीचा रस्ता बनतो. मात्र उघडी पोकळी असलेलं ऑप्टिकल मॉड्यूल धुतलं तर फ्लक्स उलट आत जाऊन बसतो. डेटाशीटमधली धुण्याबद्दलची ओळ वाचा.

हिरव्या एलईडीला ३ व्होल्टच्या वर लागतात. लिथियम बॅटरी ४.२ पासून ३ च्या आसपास उतरते. म्हणजे पूर्ण चार्ज असताना छान चालणारा सेन्सर संध्याकाळी मंदावतो. व्होल्टेज वाढवून देणारा बूस्ट कन्व्हर्टर लागणारच. एलईडीच्या पुरवठ्याला मोठा कपॅसिटर द्या, नाहीतर एलईडी पेटताना दर वेळी पुरवठा खाली बसतो आणि तो धक्का सिग्नलमध्ये दिसतो.

पायरी ७: बॅटरी

एलईडी सतत चालू ठेवायचा नसतो. २० मिलिअँपिअर, १०० मायक्रोसेकंद, सेकंदाला १०० वेळा; म्हणजे तो १ टक्का वेळच चालू असतो आणि सरासरी ०.२ मिलिअँपिअर. १०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एकट्या एलईडीला ५०० तास पुरेल. बूस्ट कन्व्हर्टर आपला वाटा घेतो आणि ब्लूटूथ कित्येकदा एलईडीहून जास्त खातं. नमुने साठवून एकगठ्ठा पाठवा.

पायरी ८: हालचाल

चालताना, धावताना मनगट हलतं, सेन्सर त्वचेवर घसरतो, आणि त्यातून तयार होणारी लाट नाडीच्या लाटेच्या कित्येक पट मोठी असते. फिल्टर लावून ती जाईल असं वाटतं. जात नाही, कारण दोन्ही एकाच पट्ट्यात राहतात: मिनिटाला ३० ते २४० ठोके म्हणजे ०.५ ते ४ हर्ट्झ, आणि धावणाऱ्याची पावलं मिनिटाला १५० ते १८० पडतात. कसरत करणाऱ्याचा ठोकाही तिथेच असतो. अल्गोरिदम पावलं मोजू लागतो आणि ठोके म्हणून दाखवतो. आकडा इतका पटण्याजोगा असतो की कुणाला शंका येत नाही.

उपाय म्हणजे सेन्सरच्या शक्य तितका जवळ बसवलेला, हालचाल मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. त्याचे नमुने आणि प्रकाशाचे नमुने एकाच घड्याळावर घ्या. दोन वेगळ्या घड्याळांवर घेतले तर काही मिनिटांत त्यांची गाठ सुटते. मग अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरने हालचालीशी जुळणारा भाग काढता येतो. सराव करायला २०१९ साली खुला झालेला पीपीजी-डालिया हा डेटासंच घ्या. १५ जणांच्या रोजच्या हालचालींतला मनगटी सिग्नल आणि सोबत ईसीजी त्यात आहे.

पण आधी यंत्राचं वजन आणि पट्टा बघा. जड घड्याळ प्रत्येक पावलाला झोके घेतं. आमच्या एका नमुना-यंत्रात ताणणारा कापडी पट्टा लावल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा तीन महिन्यांच्या फिल्टरिंगने पडला नव्हता.

आणि सिग्नल खराब असेल तेव्हा आकडा दाखवू नका. दोन रेघा दाखवा. प्रत्येक लाटेचा आकार आधीच्या लाटांशी किती जुळतो हे तपासून दर्जाचा एक गुण काढा आणि तो घसरला की गप्प बसा. विक्रीवाल्यांना हे आवडत नाही. तरी बसा.

पायरी ९: माणसांवर तपासा

स्वतःच्या मनगटावर चालला म्हणजे चालला असं नव्हे. वेगवेगळ्या वर्णाचे, वयाचे, बारीक-जाड मनगटांचे, केसाळ हातांचे, गार हातांचे लोक घ्या. प्रत्येकाला छातीचा ईसीजी पट्टाही बांधा आणि दोन्ही नोंदी एका वेळेवर जुळवा. सरासरी चुकीवर समाधान मानू नका. दोन यंत्रांमधला फरक त्यांच्या सरासरीच्या विरुद्ध मांडून आलेख काढा, त्याला ब्लँड-आल्टमन आलेख म्हणतात. पावलांवर घसरलेली मोजमापं त्यात वेगळा पुंजका करून बसलेली लगेच दिसतात.

त्वचेच्या वर्णाचा मुद्दा शिष्टाचारापुरता नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पल्स ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळली. ती यंत्रं रुग्णालयातली होती, बोटावरची होती. मनगटावर तर सिग्नल आणखी क्षीण असतो.

ऑक्सिजनचं कॅलिब्रेशन घरी होत नाही. खास प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन त्यांचा ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने १०० वरून ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहतात. श्वास रोखून "बघा, आकडा उतरला" असं दाखवणं हे कॅलिब्रेशन नव्हे, आणि ते धोक्याचंही आहे. करू नका, कुणाला करायला लावू नका.

पायरी १०: कागदपत्रं

तुमचं उपकरण नुसतं तंदुरुस्तीसाठी आहे की वैद्यकीय, हे तुम्ही काय दावा करता त्यावरून बरंचसं ठरतं. "ठोके दाखवतो" आणि "हृदयाचा आजार ओळखतो" या दोन वाक्यांमध्ये काही वर्षांचं काम आहे. डब्यावर काय छापायचं ते आधी ठरवा. वैद्यकीय वाटेने जायचं असेल तर ही नावं वहीत टिपून घ्या:

- आयएसओ ८०६०१-२-६१: पल्स ऑक्सिमीटरसाठी. ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मोजमापातल्या चुकांचं वर्गमध्यमूळ (आरएमएस) ४ टक्क्यांच्या आत हवं.
- आयईसी ६०६०१-१: वैद्यकीय विद्युत उपकरणांची मूलभूत सुरक्षा. १० मिनिटं किंवा जास्त वेळ त्वचेला टेकणाऱ्या भागासाठी ४३ अंश सेल्सिअसची मर्यादा यातच आहे.
- आयईसी ६२४७१: एलईडीचा प्रकाश डोळ्यांना आणि त्वचेला सुरक्षित आहे का, यासाठी.
- आयएसओ १०९९३: त्वचेला लागणाऱ्या प्लास्टिक, सिलिकॉन आणि गोंदाच्या जैविक चाचण्यांसाठी.

यातला शेवटचा मुद्दा सगळे शेवटी बघतात. मग क्रॉसटॉक थांबवणारा तो सुंदर काळा फोम त्वचेला चालत नाही असं कळतं, भिंतीचा पदार्थ बदलावा लागतो, आणि पायरी ५ मधला काळा डबा पुन्हा बाहेर काढावा लागतो. पदार्थांची यादी बनवून चाचणी प्रयोगशाळेला पहिलं नमुना-यंत्र तयार व्हायच्या आधीच दाखवा.